पन्नास माणसं भरत नाहीत

मूल नोकरीच्या ठिकाणी नेण्याचे दोन प्रकार आहेत. एक हौसेचा, दुसरा नाइलाजाचा. हौसेनं बाप नेतो. त्या दिवशी मुलीच्या अंगात वाढदिवसाचा फ्रॉक असतो, साहेब तिला आपल्या खुर्चीत बसवून गरगर फिरवतात, कँटीनमधून फ्रूटी येते आणि ‘किती करता हो तुम्ही मुलीचं!’ असं प्रशस्तिपत्रक घेऊन बाप घरी परततो. नाइलाजानं आई नेते. तेव्हा मुलीच्या नाकाला शेंबूड असतो, एकाच पायात मोजा असतो आणि शेजारच्या टेबलावरून विचारणा होते, ‘‘आज सासूबाई नाहीत वाटतं घरी?’’

मी तालुक्याच्या गावी बँकेत काउंटरवर बसते, म्हणजे प्रकार दुसरा. मूल सांभाळणाऱ्या मावशींच्या भाचीचं लग्न, बालवाडीची सुट्टी, सासूबाईंच्या मोतीबिंदूची तारीख आणि ऑडिट ही चौकडी वेगवेगळ्या आठवड्यांत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. नवऱ्याला विचारावं तर त्याच्या ऑफिसात नेमकी ‘महत्त्वाची मीटिंग’ असते. माझ्या बँकेत काय, नुसते पैसे असतात.

पहिला तास सोन्यासारखा जातो. जुन्या व्हाउचरांच्या पाठीवर हत्ती निघतात, रबरबँडांच्या बांगड्या होतात. शिपाई मामा येता-जाता पार्ले-जीचा पुडा सरकवतात. मग ग्राहकांना शोध लागतो की काउंटरच्या आत एक माणूस कमी उंचीचा आहे. ‘‘नाव काय तुझं? शाळेत जातेस? गाणं म्हणून दाखव बघू!’’ एरवी दोन मिनिटं उशीर झाला तर वरच्या ऑफिसला तक्रार करायची भाषा करणारी माणसं गाण्यासाठी रांग अडवून उभी राहतात. शिवाय गाणं संपल्यावर ‘अजून एक’ म्हणतात.

नोव्हेंबरातली गोष्ट सांगते. नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे हयातीच्या दाखल्यांचा महिना. पेन्शनर माणूस काठी टेकून समोर उभा असला, वर आम्हाला ओरडत असला, तरी तो जिवंत असल्याचं मशीननं मान्य करावं लागतं. त्यासाठी अंगठा. वयामुळे अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, त्यामुळे मशीन एका दमात कबूल होत नाही. एका निवृत्त गुरुजींचा उजवा अंगठा मी ओल्या रुमालानं पुसत होते. तेवढ्यात चिरंजीविनींनी स्टुलावर चढून, खिडकीवर विसावलेला त्यांचा डावा हात पकडला आणि मनगटावर शिक्का मारला. ठळक, जांभळा, एकही अक्षर न पुसता उमटलेला : ‘रद्द’.

रांग एकदम शांत झाली. गुरुजींनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, मनगट लांब धरून वाचलं आणि म्हणाले, ‘‘बाई, तुमच्यापेक्षा हिचं काम झटपट आहे. जन्मभर पोरांच्या वह्यांवर शेरे मारले, आज फिटलं.’’ मागच्या आजींनी लगेच बाही वर सारली. ‘‘बाळे, मलाही दे गं एक.’’ त्यांच्या वाट्याला ‘रोख मिळाली’ आला. तोवर मशीननं गुरुजींना जिवंत म्हणून मंजूर केलं होतं.

गलका ऐकून मॅनेजरसाहेब केबिनबाहेर आले. ‘‘मॅडम, ही बँक आहे, बालवाडी नाही.’’ बरोबर आहे. फक्त दिवाळीच्या सुट्टीत साहेबांचे चिरंजीव त्याच केबिनमध्ये संगणकावर पत्ते खेळत होते, तेव्हा ते ‘बँकिंग शिकत’ होते, एवढं मला आठवलं. मी बोलले नाही. बदलीचे दिवस जवळ आले होते.

आता कुणी म्हणेल, कायदा आहे ना! आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पगारी रजा बारा आठवड्यांची सव्वीस झाली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथं पाळणाघर हवं, आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता आलं पाहिजे, असं ठरलं. आमच्या शाखेत शिपाई, सुरक्षारक्षक आणि भिंतीवर हार घालून बसलेले संस्थापक धरले तरी पन्नास भरत नाहीत. त्यामुळे कायद्याच्या नजरेत आमची मुलं अजून जन्मलेलीच नाहीत.

मोठ्या माणसांचं वेगळं असतं. न्यूझीलंडच्या पंतप्रधान जसिंडा आर्डर्न २०१८ साली तीन महिन्यांच्या मुलीला घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत गेल्या, तर त्या बाळाला चक्क ओळखपत्र मिळालं. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूरच्या अधिवेशनाला हजर झाल्या. मग विधानभवनात हिरकणी कक्षाची सोय झाली.

हिरकणीचं नाव एसटी स्थानकांवरही दिसतं. नाव सुंदरच आहे. पण कथा जरा नोकरदार बाईच्या नजरेनं आठवून बघा. दूध विकायला रायगडावर गेलेली ही बाई बाळाला घरी ठेवून गेली होती. कोजागरीचा दिवस, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, नियम म्हणजे नियम, म्हणून ती रात्री कडा उतरली. महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन गौरव केला आणि ती उतरली त्या जागी बुरूज बांधला. गडाच्या बंदोबस्ताच्या दृष्टीनं ते रास्तच होतं. तिथं शत्रूशी गाठ होती. पण आमच्या कार्यालयांनी त्या कथेतून नेमकं तेवढंच उचललंय : सत्कार करायचा आणि वाट बुजवायची. ८ मार्चला आम्हाला गुलाबाचं फूल मिळतं. त्याच संध्याकाळी वर्षअखेरीसाठी रात्री उशिरापर्यंत थांबायच्या लोकांची यादी लागते. त्यात माझं नाव वरून दुसरं असतं.

आणि खरं सांगायचं तर हा सगळा प्रश्न आम्हा टेबल-खुर्चीवाल्यांचा. उसाच्या फडात कोयता चालवणारीला, मंडईत कोथिंबिरीच्या ढिगामागे बसणारीला ‘मूल कामावर आणावं का’ असं कुणी विचारत नाही. तिथं मूल असतंच. १९६९ साली दिल्लीत मीरा महादेवन यांना बांधकामावरच्या मजूर बायांची मुलं खडी-सिमेंटमध्ये लोळताना दिसली. त्यांनी तिथंच, बांधकामाच्या जागी पाळणाघर काढलं. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातून उभी राहिली. तिथल्या बाया पन्नास भरतात का, हे मीराबाई मोजत बसल्या असत्या तर मुलं मिसरूड फुटेपर्यंत खडीतच राहिली असती.

तेव्हा आमच्या रस्त्यावरच्या समस्त साहेबांना विनंती. या एका रस्त्यावर चार बँका, तहसील, पोस्ट आणि पंचायत समिती आहे. सगळ्यांचे मिळून पन्नास केव्हाच होतात. फार काही नको. एक खोली, सतरंजी, पाण्याचा माठ आणि जिचा पगार वेळेवर होतो अशी एक मावशी. जागा नाही म्हणाल तर रेकॉर्ड रूममधली मुदत संपलेली व्हाउचरं हलवा, तिथं उंदरांची तिसरी पिढी विनातक्रार वाढतेय. आणि खर्चाला मंजुरी नसेल, तर वर्गणी आम्ही काढू. साहेबांच्या निरोप समारंभाला काढतोच की.