गारठ्यात झोपण्यासाठी मॅट कशी निवडावी: नवशिक्यांसाठी खात्रीचं मार्गदर्शन

डिसेंबर लागला, निफाडचा पारा पहिल्या पानावर आला आणि ऑफिसातलं कुणीतरी म्हणालं, ‘चला, या शनिवारी हरिश्चंद्रगडावर तंबू ठोकू.’ तुम्ही हो म्हणून बसलात. अभिनंदन! आता रात्री पाठीखाली काय घालायचं हे ठरवायचं आहे. साधी माणसं हा प्रश्न दुकानात दहा मिनिटांत आणि काही शे रुपयांत मिटवतात. पण तुम्हाला नुसतं झोपायचं नाही, तुम्हाला मॅटमधलं कळणारा माणूस व्हायचं आहे. पुढच्या पायऱ्या पाळा. झोपेचं नंतर बघू.

१. सगळे पैसे स्लीपिंग बॅगवर उडवा.

बॅग महागातली घ्या. तिच्यावर छापलेला उणे पाच, उणे दहा हा आकडा ग्रुपवर फोटोसकट टाका. प्रयोगशाळेत तो आकडा काढताना बॅगेखाली मॅट घातलेली असते, ही गोष्ट मात्र कुणाकडे बोलू नका. बॅगेतली पिसं ऊब धरतात ती फुगून हवा अडवतात म्हणून. तुम्ही त्यांच्यावर पाठ टेकली की पाठीखालच्या पिसांचा पापड होतो, हवा निघून जाते आणि खालून तुम्ही जवळपास उघडेच पडता. मग सह्याद्रीचा काळा कातळ रात्रभर तुमच्या अंगातली ऊब ओढत राहतो. त्याला कितीही दिली तरी पुरत नाही. तुम्ही मात्र वरून पांघरूण वाढवत राहा. आधी जॅकेट घाला, मग बायकोची शाल घ्या, शेवटी शेजाऱ्याची सॅक अंगावर ओढा. थंडी खालून येते हे कळायला लोकांना वर्षं लागतात. तुम्हीच घाई का करायची?

२. आर-व्हॅल्यू हा शब्द पाठ करा.

मॅट उष्णतेला किती अडवते त्याचा हा आकडा. एकच्या आसपास असेल तर ती मॅट उन्हाळ्यापुरती, दोन ते चार असेल तर आपल्याकडची थंडी निघते आणि पाच-सहाच्या पुढे बर्फाची कामं. खाली थंड पत्रा, वर गरम पत्रा, मध्ये मॅट. वरचा पत्रा गरम ठेवायला किती वीज लागते ते मोजायचं, की आकडा हातात. अमेरिकेत त्याची प्रमाणित पद्धत २०१८ साली ठरली. त्याआधी ज्याची मॅट त्याचंच माप होतं, त्यामुळे सगळ्यांच्याच मॅट उबदार होत्या आणि लोक सुखी होते.

इतकं कळलं की पुरे. यापुढे कुणी ‘थंडी आहे रे’ म्हणालं की शांतपणे विचारा, ‘तुझी आर किती?’ उत्तर येणार नाही. त्या शांततेत जी ऊब मिळते ती कुठल्याही मॅटमध्ये नाही.

३. जायचंय कुठे त्यावर नव्हे, जाणार नाही कुठे त्यावर मॅट ठरवा.

नवशिक्या इथेच चुकतो. तो विचार करतो की भंडारदऱ्याला जायचंय, रात्री पारा आठ-दहावर येईल, फार तर पाचवर. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले तर त्याची बातमी होते, यावरूनच आपल्याकडे शून्य किती क्वचित येतं ते त्याला समजतं. असा हिशेब करणाऱ्याच्या हाती शेवटी दोन-तीन आरची स्वस्त मॅट येते आणि तो घोरत पडतो. तुम्ही झांस्कर नदीवरचा चादर ट्रेक डोळ्यांसमोर ठेवा. जानेवारी, गोठलेली नदी, उणे वीस-पंचवीस. तुम्ही तिथे जाणार नाही हे मला माहीत आहे, घरच्यांना माहीत आहे, मुख्य म्हणजे तुमच्या गुडघ्यांनाही माहीत आहे. पण मॅटला माहीत नसतं. सात आरची घ्या. पवना धरणाच्या काठी तिच्यावर घाम आला तर तो अभिमानाचा घाम समजा.

४. ग्रॅम मोजा.

स्वयंपाकघरातला वजनकाटा उचला आणि मॅट तोला. मॅटची पिशवीही तोला. पिशवीची नाडी जड वाटली तर कापून टाका. साडेतीनशे ग्रॅमची मॅट सहाशे ग्रॅमच्या मॅटपेक्षा किती हलकी, हे जेवताना निदान दोनदा सांगा. फरकाच्या अडीचशे ग्रॅमसाठी जे हजारो रुपये जास्त मोजलेत ते गृहकर्जाच्या हप्त्याशेजारी लिहू नका, उगाच दोन्ही वाईट दिसतात.

नंतर त्याच सॅकमध्ये दोन किलो चिवडा, भाकरवडीची तीन पाकिटं, लोणच्याची बरणी आणि ब्लूटूथ स्पीकर भरा. हिमालयात केदारकंठाच्या ट्रेकला जात असाल तर पायथ्याच्या सांकरीला पोचल्यावर अख्खी सॅक खेचरावर चढवा. खेचराला तुमच्या अडीचशे ग्रॅमचं किती बरं वाटतं ते त्याच्या चेहऱ्यावर शोधा. आणि हो, तिथे तंबूत मॅट आणि स्लीपिंग बॅग बहुतेक आयोजकच देतात. हे पैसे भरण्यापूर्वी वाचायचं नसतं.

५. फुगवायचीच मॅट घ्या, आणि तोंडाने फुगवा.

बाजारात तीन जाती. फोमची गुंडाळी, म्हणजे आपली कॅरीमॅट. दुसरी आपोआप फुगणारी: आत फोम, तोंडाला झडप. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बोइंगमधल्या नोकऱ्या गेल्यावर सिएटलच्या इंजिनिअरांनी ती काढली, तीच पुढे थर्मारेस्ट झाली. विमानं बनवणाऱ्यांना जमिनीवर आणलं की ते जमिनीचाच विचार करणार. ‘आपोआप’ या शब्दावर मात्र जाऊ नका, शेवटचे आठ-दहा श्वास तुमचेच असतात. तिसरी निव्वळ हवेची. तिच्या पोटात कृत्रिम धाग्यांचा थर किंवा चंदेरी पडदे असतील तर वजनाच्या मानाने ती या तिघींत सर्वांत उबदार. काहीच नसेल, म्हणजे घरी पाहुण्यांसाठी फुगवतो ती जाड गादी असेल, तर आतली हवा रात्रभर फिरत राहते आणि खालचा गारवा वर आणते. दिसायला हीच सगळ्यांत ऐसपैस, म्हणून नवशिक्यांसाठी माझी पहिली शिफारस.

सोबत मिळणारी फुगवण्याची पिशवी घरी विसरा. तुमच्या श्वासातली वाफ मॅटमध्ये गेली पाहिजे. ती आत साचते, बुरशी धरते, बर्फात गोठतेही. तीन हजार मीटरच्या वर फुगवायला घेतलीत तर डोळ्यांसमोर तारे दिसतील, तेही तंबूबाहेर न जाता. संध्याकाळी वीस अंशांत टणक फुगवलेली मॅट पहाटे उणे पाचात आठ-नऊ टक्के आकसते. भौतिकशास्त्राचा नियम आहे, तुम्ही अकरावीत पाठही केला होता. मॅट मऊ पडली की ‘फुटली, फुटली’ असं ओरडून सगळ्या तंबूला उठवा आणि हेडटॉर्च लावून न झालेलं भोक शोधत बसा.

६. आवाजाची मॅट निवडा.

चंदेरी पडद्यांच्या काही मॅट कूस बदलली की वेफर्सचं पाकीट फोडल्यासारख्या कुरकुरतात. तंबूत तिघं असाल तर अशी एक पुरते.

७. कॅरीमॅटपासून सावध राहा.

ही पायरी अवघड आहे, कारण मोह मोठा आहे. कॅरीमॅट स्वस्त. फुटत नाही. करवंदीच्या जाळीत फेकली तरी काटे टोचून घेते आणि पुन्हा उपयोगी पडते. गुहेतल्या पिसवांना तिच्यात जागा नाही. पावसात भिजली तर झटकायची. एकीची आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास, आणि आरचे आकडे चक्क बेरजेने वाढतात, म्हणजे एकावर एक दोन टाकल्या की चार. तिच्यावर हवेची मॅट टाकली तर बर्फातही निभावतं. सॅकला बाहेरून बांधता येते, दुपारी बसायला होते, चुलीला वारा लागत असेल तर आडोसा होतो (ज्वाळेपासून लांब ठेवा, एवढं एकच मी गंभीरपणे सांगतोय).

कळलं ना धोका? अशा वस्तूबद्दल बोलणार काय? माणूस तिच्यावर पडतो आणि झोपी जातो, सकाळी सांगायला गोष्ट नाही. शिवाय पंचवीस वर्षं जुनी, कोपरे कुरतडलेली कॅरीमॅट बाळगणारा एक काका प्रत्येक ट्रेकला असतो. तो कोकणकड्यावर साडेआठला आडवा होतो आणि सूर्योदयालाच दिसतो. त्याच्याशी आरविषयी बोलायला जाऊ नका. तो ऐकून घेतो, ‘बरं’ म्हणतो आणि कुशीवर वळतो.

८. घरी चाचणी घ्या.

दिवाणखान्यातल्या फरशीवर मॅट पसरा, पंखा पाचवर करा आणि स्लीपिंग बॅगमध्ये शिरा. आई विचारेल, ‘पलंगाला काय झालं?’ तिला उष्णतेचं अभिसरण आणि वहन यांतला फरक समजावा. ती लहानपणी शेणाने सारवलेल्या जमिनीवर घोंगडी टाकून झोपलेली असते, त्यामुळे तिला फरक समजायला वेळ लागेल. रात्री एक वाजता गुपचूप पलंगावर जा. ‘चाचणी यशस्वी’ असं ग्रुपवर लिहा.

९. गावातल्या मदतीला नम्रपणे नकार द्या.

पाचनईत किंवा रतनवाडीत ज्यांच्या घरी पिठलं-भाकरी खाल, ते तुमचं सामान पाहून म्हणतील, ‘पेंढा देऊ का खाली घालायला?’ भाताची कापणी झालेली असते, पेंढा ताजा आणि कोरडा असतो. वीतभर जाड पसरला तर त्याच्या पोकळ काड्यांत इतकी हवा अडते की तुमचे सगळे चंदेरी पडदे खजील व्हावेत. पण पेंढ्याची आर-व्हॅल्यू कोणत्याही लेबलावर छापलेली नाही, तेव्हा विश्वास ठेवायचा कशावर? ‘नको, आमच्याकडे आहे’ म्हणा. पहाटे तीनला दात वाजायला लागले की मात्र मान सोडा आणि त्यांच्या पडवीत जा. जाताना मॅट बगलेत असू द्या. पेंढ्यावर ती अंथरून झोपलात, की सकाळी श्रेय कुणाचं हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

१०. परत आल्यावर मॅट विकायला काढा.

‘एकदाच वापरलेली, नव्यासारखी, घर बदलत असल्यामुळे विकणे’ एवढं लिहा. किंमत अजिबात उतरवू नका. ‘उबदार आहे का?’ असं विचारणाऱ्याच्या नादी लागू नका, तो शेवटी कॅरीमॅटच घेणार. जो पहिल्याच फोनवर ‘वजन नाडीसकट की नाडी सोडून?’ असं विचारेल, त्याच्याकडून आगाऊ पैसे घ्या. आणि नाडी कापल्याचं आधीच सांगून टाका, तो दोनशे रुपये जास्त देईल.