२७ कोटींचा सालदार

पाडव्याला आमच्या जऊळक्यात दोन गुढ्या उभ्या राहतात. एक दारात, कडुनिंबाचा डहाळा आणि गाठी घातलेली. दुसरी स्टेशनकडच्या चहाच्या टपरीवर, सालदाराच्या भावाची. पहिली संध्याकाळी उतरवतात. दुसरी उतरायचं नावच घेत नाही, अशी शेतमालकांची तक्रार असते, आणि ती अजून छपरालाही टेकली नाही, अशी सालदारांची.

ज्यांनी वाशिम जिल्हा फक्त समृद्धी महामार्गावरून, गाडीच्या काचा वर करून पाहिला आहे, त्यांच्यासाठी थोडा खुलासा. सालदार म्हणजे पाडव्यापासून पाडव्यापर्यंत एका मालकाच्या शेतावर बांधलेला गडी. वर्षाची रक्कम आधी ठरते, तिला ‘साल’ म्हणतात. त्यातली काही रक्कम आगाऊ मिळते, ती ‘उचल’. वर ठरेल तेवढं धान्य, कपड्याचा जोड, पायातलं. बदल्यात पहाटेचं शेणपाणी, दिवसाचं औत, आणि लाइन रात्री आली तर रात्रीचं ओलित. करारपत्र नसतं. टपरीवरचे चार लोक साक्षीदार आणि चहाचे कप हा पुरावा.

यंदा आबांचं घोडं पाच हजारांवर अडलं होतं. आबांचं वीस एकर रान, सोयाबीन-तूर-हरभरा. समोर त्यांचा गडी. बारा वर्षं एकाच शेतावर राबूनही गावात त्याची ओळख ‘आबांचा गडी’ एवढीच. पाठीवर नाव छापलेला सदरा त्याला कोणी शिवून दिलेला नाही.

“एक पस्तीस द्या आबा. पोराची फी वाढली.”

“एक तीस. गावात ठरलं हाये, त्याच्या वर कोनीच जायाचं नाई. मी गेलो त बाकीचे मले जगू देतीन काय?”

आमच्यातला सदरलेखक जागा झाला. “आबा, याला सॅलरी कॅप म्हणतात!”

“कॅप मंजे?”

“टोपी.”

“मंग बराबर,” गडी म्हणाला, “वर्सावर्साले घालताच.”

टपरी हसली. आबांना हसू आलं नाही. त्यांनी मोबाइलवरच्या क्रिकेटच्या बातमीकडे बोट दाखवून विषय बदलला. “त्या पंतले सत्तावीस कोटी! अन् हा मले पाच हजारासाठी आडून बसला. पैसा नासवला बाप्पा या आयपीएलनं.”

आता हिशेब मांडणं आलंच. नोव्हेंबर २०२४ मध्ये सौदी अरबस्तानातल्या जेद्दा शहरात आयपीएलचा लिलाव झाला. तिथे लखनौ संघानं ऋषभ पंतला २७ कोटींना घेतलं. पुढच्या हंगामात त्यानं २६९ धावा केल्या. म्हणजे धावेला १० लाख. आबांनी बोटांवर गणित केलं आणि एका धावेत आपल्या गड्याची साडेसात सालं निघतात, असं जाहीर केलं. बरं, त्यातल्या ११८ धावा शेवटच्या सामन्यातल्या, लखनौचा संघ स्पर्धेतून बाहेर पडल्यानंतरच्या. तो सामनाही बंगळुरूनं जिंकला, आणि ३३ चेंडूंत नाबाद ८५ धावा ठोकून जिंकून दिला तो आपल्या अमरावतीच्या जितेश शर्मानं. त्याचा भाव ११ कोटी. वऱ्हाडातला माल नेहमी असाच कमी भावात जातो, यावर टपरीचं एकमत झालं.

लिलावाचं जऊळक्याला अप्रूप नाही. हर्रास आम्हीही बघतो. बाजार समितीत सोयाबीनचा ढीग पडतो, व्यापारी मूठभर दाणे उचलतो, एक दाताखाली फोडतो आणि तोंड वाकडं करून म्हणतो, “ओल आहे.” मग बोली सुटते. जेद्दाच्या हर्रासात आणि आमच्या हर्रासात फरक एवढाच की तिथे बोली तळाच्या किमतीपासून वर चढते. या लिलावात तळाची किंमत ३० लाख होती आणि त्याखाली एक रुपयाही कोणी बोलू शकत नव्हतं. आमच्या सोयाबीनलाही गेल्या हंगामात सरकारनं तळाची किंमत लावली होती, क्विंटलला ५,३२८ रुपये. दिवाळीच्या सुमाराला हर्रासात बोली तिच्या खालीच फिरत होती. तिला हमीभाव का म्हणतात, ते ओल मोजणाऱ्या यंत्रालाच माहीत.

तर टोपी. आयपीएलच्या मालकांनाही आबांसारखीच टोपी आहे, फक्त ती क्रिकेट मंडळ ठरवतं. २००८ साली पहिल्या लिलावात प्रत्येक संघाची थैली ५० लाख डॉलरची होती आणि तिच्यातले १५ लाख एकट्या धोनीवर गेले. आज थैली १२५ कोटींची आहे. त्याच्या वर जायचं नाही. मोठ्या मनाच्या धनिकांच्या मोठेपणाला घातलेला हा आवर आहे. नाहीतर काय सांगावं, एखाद्यानं भावनेच्या भरात खेळाडूला त्याची खरी किंमत देऊन टाकली असती.

पण टोपी घातली तरी डोकं आत वाढतंच. २०१२ साली एका खेळाडूवर जास्तीत जास्त २० लाख डॉलर लावता येत होते. रवींद्र जडेजासाठी चेन्नई आणि हैदराबाद दोघेही २० लाखांवर येऊन थांबले. मग दोघांकडून बंद पाकिटात आकडे मागवले. चेन्नईचा आकडा मोठा निघाला, जडेजा चेन्नईला गेला. पाकिटातला आकडा आजवर जाहीर झालेला नाही. मात्र ती वरची रक्कम जडेजाला मिळणार नव्हती, ती क्रिकेट मंडळाच्या तिजोरीत जाणार होती.

डिसेंबर २०२५ मध्ये अबू धाबीच्या लिलावातही तसंच झालं. ऑस्ट्रेलियाच्या कॅमरून ग्रीनवर कोलकात्यानं २५ कोटी २० लाख लावले. ग्रीनच्या वाट्याला १८ कोटी. लहान लिलावात परदेशी गड्याला त्याहून जास्त द्यायचं नाही, असा नियम. वरचे ७ कोटी २० लाख खेळाडूंच्या कल्याणासाठी मंडळाकडे.

“मंजे बोली माह्यावर लागन,” गडी सावकाश म्हणाला, “अन् वरचे पैसे ग्रामपंचायतीत जातीन?”

“तुझ्या कल्याणासाठी.”

“माहं कल्यान माह्याच खिशात होऊ द्या ना.”

धोनीची गोष्ट तर आबांना फारच आवडली. विश्वचषक जिंकून देणारा हा माणूस २०२५ च्या हंगामात ४ कोटींत चेन्नईकडे राहिला तो ‘नवख्या’ खेळाडूंच्या रकान्यात. पाच वर्षं आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेला भारतीय खेळाडू नवखा धरावा, असा नियम होता. आबांनी लगेच गड्याकडे पाहिलं. बारा वर्षांच्या गड्याला नवखा ठरवून साल कमी करता येईल का, याचा विचार त्यांच्या कपाळावर स्पष्ट उमटला होता.

एवढ्यात डॅलसहून आबांच्या पुतण्याचा व्हिडिओ कॉल आला. तिथे रात्र होती. काकाला पाडव्याचा नमस्कार करायला म्हणून फोन लावला आणि सॅलरी कॅप हा शब्द कानावर पडताच मुलगा झोप विसरला. त्याच्या गावचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे, डॅलस काउबॉइज. त्या खेळात क्वार्टरबॅक नावाचा गडी असतो. चेंडू आधी त्याच्या हातात येतो, तो कोणाकडे टाकायचा हे तो ठरवतो. बाकीचे अंगावर येणाऱ्यांना अडवून त्याला जपतात. सप्टेंबर २०२४ मध्ये काउबॉइजनी आपल्या डॅक प्रेस्कॉटशी वर्षाला सरासरी ६ कोटी डॉलरचा करार केला. २०२५ सालची तिथली टोपी संघाला २७ कोटी ९२ लाख डॉलरची. म्हणजे ५३ गड्यांच्या घरात पाचव्या हिश्शाहून जास्त भाकर एकाच्या ताटात.

“मंग बाकीचे कायच्यावर जगतात?” आबांनी विचारलं. त्यांच्या आवाजात आयुष्यात पहिल्यांदा मजुरांबद्दल काळजी होती.

पुतण्या म्हणाला, इथेही लोक हेच म्हणतात, क्वार्टरबॅक सगळं खाऊन टाकतो. म्हणून संघ स्वस्तातला क्वार्टरबॅक शोधतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या संघानं २०२२ मध्ये ब्रॉक पर्डीला भरतीत अगदी शेवटी, २६२ व्या क्रमांकावर घेतलं. शेवटच्या गड्याला तिथे ‘मिस्टर इर्रेलेव्हंट’ म्हणतात, म्हणजे बिनकामाचा गडी. वर्षाला १० लाख डॉलरही न मिळवता या बिनकाम्यानं संघाला २०२४ च्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेलं. २०२५ मध्ये त्याच्या कराराची सरासरी झाली वर्षाला ५ कोटी ३० लाख. ती बिनकामाची पदवी मात्र त्याला कोणी परत मागितलेली नाही.

उचलीचा हिशेब तिथे कसा, हे गड्यानं मुद्दाम विचारलं. तिथे उचल करार होताच हातात पडते, पण टोपीच्या वहीत ती पाच वर्षांपर्यंत थोडी थोडी मांडता येते. म्हणून आज पैसे वाटायचे आणि खर्च पुढच्या सालांवर ढकलायचा. मधेच गडी काढून टाकला तर उरलेली उचल वहीत मेलेल्या बैलासारखी पडून राहते. डेन्व्हरच्या संघानं २०२४ मध्ये रसेल विल्सनला सोडलं, तेव्हा त्याच्या नावावर साडेआठ कोटी डॉलर वहीत तसेच राहिले. तो त्या वर्षी पिट्सबर्गकडून खेळला. औत दुसऱ्याच्या शेतात, ओझं पहिल्याच्या खांद्यावर.

“आमच्याकडे उलटं हाये,” गडी म्हणाला. “मधात काम सोडलं त उचल माह्याच मानंवर बसते.”

आबा खाकरले. विषय भलत्या वळणाला लागला होता. पण पुतण्याच्या अंगात आता मास्तर संचारला होता. त्यानं विचारलं, “काका, ही टोपी काढतात कशावरून, ठाऊक आहे? लीगच्या सगळ्या उत्पन्नातला निदान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा, असा करार आहे. उत्पन्न वाढलं की टोपी वाढते. १९९४ मध्ये ती ३ कोटी ४६ लाखांची होती, आज आठपटीहून जास्त.”

“मंजे बटईच झाली की,” गडी म्हणाला. “आर्धं तुमचं, आर्धं आमचं.”

टपरीवर शांतता पसरली. बटई हा शब्द सालाच्या बोलीत काढायचा नसतो. बटईदार पिकात भागीदार असतो. सालदाराला पिकाशी घेणंदेणं नसतं. पीक बुडालं तरी साल ठरलेलं, आणि पिकलं तरी तेवढंच.

मग आम्हीच ती आगळीक केली. खिशातून पेन काढलं आणि वर्तमानपत्राच्या कडेला आयपीएलची बटई मांडली. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना गेले. वर्षाला ९,६७८ कोटी. दहा संघांच्या थैल्या मिळून १,२५० कोटी. म्हणजे साधारण आठवा हिस्सा. सामन्याचं मानधन, कामगिरीची बक्षिशी सगळं धरून संघाची वरची मर्यादा यंदा १५१ कोटींची. तरी सहावा हिस्सा भरत नाही. आणि हे फक्त टीव्ही-मोबाइलच्या पैशाशी ताडून. तिकिटं, टोप्या, सदऱ्यावरच्या जाहिराती बाजूलाच.

तर असा आहे आमचा २७ कोटींचा माजोरी पंत. आकडा बटईदाराचा वाटतो, पण ठरलेलं साल घेऊन औताला जुंपलेला तो सालदारच. भरघोस पिकलं तर रास मालकाच्या अंगणात. आपण मात्र रोज संध्याकाळी टपरीवर बसून तो किती खातो हे मोजतो. रास किती झाली, हे कोणी मोजत नाही. गड्याची भाकर उघड्यावर असते, मालकाची कोठी बंद असते. डोळ्यांना जे दिसतं तेच जास्त वाटतं.

गडी कागदाच्या कडेकडे बराच वेळ बघत राहिला. आकडे त्याला सगळे लागले असतील असं नाही. पण त्यानं मोबाइलकडे वाकून नेमका प्रश्न विचारला.

“दादा, त्या लोकायले आर्धी बटई देल्ली कशी? मालक चांगले होते काय?”

पुतण्या हसला. “छे! १९८७ मध्ये खेळाडूंनी संप केला. मालकांनी बदली गडी आणून सामने चालू ठेवले. महिन्याच्या आत संप मोडला.”

आबांनी सुटकेचा श्वास सोडला. “पाह्य, मी काय म्हनत होतो!”

“पण मग ते कोर्टात गेले,” पुतण्या पुढे म्हणाला. “वर्षानुवर्षं लढले. १९९३ मध्ये मालकांना तडजोड करावी लागली. करार संपला की गड्यानं हव्या त्या मालकाकडे जावं, हे मान्य झालं. त्या बदल्यात खेळाडूंनी टोपी डोक्यावर घेतली. आपल्या हातानं, माप घेऊन.”

“मंजे आधी सारे गडी एका जागी बसले?”

“हो. जवळजवळ सगळे.”

गड्यानं मान वर केली. टपरीच्या पलीकडे, लिंबाच्या सावलीत, पाच-सहा सालदार आपापल्या मालकांची वाट बघत बसलेले होते. एरवी ते वेगवेगळ्या झाडांखाली बसतात. आज ऊन जास्त असल्यामुळे एकाच झाडाखाली आले होते. गडी त्यांच्याकडे नुसता बघत होता, बाकी काही नाही.

आबांनीही तिकडे पाहिलं. मग घाईघाईनं फोन बंद केला, उरलेला चहा एका घोटात संपवला आणि टपरीवाल्याला नारळ मागितला.

“एक पस्तीस. झालं? पन गावात एक तीसच सांगजो.”

नारळ फुटला. खोबऱ्याचा मोठा तुकडा आबांनी स्वतःच्या हातानं गड्याला दिला. बारा वर्षांत पहिल्यांदाच. वरचे पाच हजार पाकीट बंद ठेवून द्यायचे ठरले. चेन्नईचा आकडा जसा गुप्त राहिला तसाच हाही राहील, अशी आबांची अपेक्षा आहे.

फरक एकच, की हे पाकीट गड्याच्या खिशात गेलं. आणि गडी तडक लिंबाच्या सावलीकडे चालू लागला.