मेक्सिकोतले शेठ

आमच्या चिंचवडच्या सोसायटीत सर्वांत श्रीमंत कोण, हे तुम्ही कोणतं चलन धरता त्यावर ठरतं. रुपये धरले तर सी विंगमधले बांधकामवाले. क्रेडिट धरले तर आमचे शेठ, आणि मग बांधकामवाले शेठच्या पासंगालाही पुरत नाहीत.

शेठ हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, चाकणच्या एका कंपनीत गिअरबॉक्सच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं तपासण्याचं काम, आणि जवळ एक सेकंडहँड अ‍ॅक्टिव्हा, तीही आभाळ भरून आलं की पार्किंगमध्येच. सकाळी कंपनीची बस. चाकणच्या तळेगाव चौकात ती बस ज्या वाहतुकीत उभी राहते, त्यात कधीकधी ट्रेलरवर चढलेल्या कोऱ्या मर्सिडीजही उभ्या असतात, कारण कारखाना चाकणलाच आहे. सगळी बस खिडकीतून तिकडं बघते. शेठ मोबाइलमधून मानही वर न काढता म्हणतात, "आपल्याकडे एएमजी वन आहेत. चार." शेजारी बसलेला नवा ट्रेनी जरा सरकून बसतो.

मर्सिडीजच्या या चारही गाड्या मेक्सिकोत असतात. 'फोर्झा होरायझन ५' नावाचा गाड्या पळवण्याचा व्हिडिओ गेम आहे, इंग्लंडमधल्या लेमिंग्टन स्पा गावच्या प्लेग्राउंड गेम्सनं बनवलेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेला. खेळ सुरू होतो तोच विमानातून. मालवाहू विमानाचं दार उघडतं आणि एक फोर्ड ब्रॉन्को थेट ज्वालामुखीच्या उतारावर पडते. पुढं वाळवंट आहे, जंगल आहे, ग्वानाह्वातो शहराचे रंगीत बोळ आहेत, पाचशेच्या वर गाड्या आहेत आणि वाटेल तिथं घुसायची मुभा आहे. कुणाच्या उभ्या पिकातून गाडी घातली तरी शेतकरी काठी घेऊन मागे लागत नाही. उधळपट्टीसाठीच बांधलेली ही दुनिया आहे. रोज रात्री आतषबाजी होते ती वेगळीच. शेठनी हे सगळं डोळे भरून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, "याचे किती सुटतात?"

सुटतात ते क्रेडिट. शर्यत जिंका, क्रेडिट. उडी मारा, क्रेडिट. संगणकाचे प्रतिस्पर्धी जितके कडक निवडाल तितकं बक्षीस जास्त. खरे रुपये मोजून मात्र क्रेडिट विकत मिळत नाहीत. व्हीआयपी सदस्यत्व तेवढं विकत मिळतं आणि त्यानं शर्यतीचं बक्षीस दुप्पट होतं. शेठ कित्येक आठवडे त्याच्या किमतीकडं नुसते बघत राहिले, सेल लागल्यावर ते घेतलं, आणि घरात कुणाला कळू दिलं नाही.

आता बक्षीस मिळवायचं तर शर्यत जिंकावी लागते, आणि जिंकायची तर गाडी चालवावी लागते. शेठना हीच अट जाचक वाटली. पण अट म्हटली की पळवाट आलीच. खेळात गोलियाथ नावाची एक शर्यत आहे, सगळ्या नकाशाला वळसा घालून येणारी. खेळाडूंना आपली शर्यत आपण रचायची सोय असल्यामुळे हीच फेरी पन्नास वेळा मारायची शर्यतही करता येते. सेटिंगमध्ये गाडीनं आपोआप वळावं आणि आपोआप ब्रेक लावावा अशीही तरतूद आहे. नवख्यांना, लहान मुलांना किंवा हात नीट न चालणाऱ्यांना खेळता यावं म्हणून केलेली, खरं तर फार चांगली. उरला अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे कंट्रोलरचा उजवा ट्रिगर. त्याला शेठ रबर लावतात.

या रबरावर शेठचा अभ्यास आहे. कोथिंबिरीच्या जुडीचं रबर पहाटेपर्यंत टिकत नाही. मिठाईच्या खोक्याचं टिकतं, पण सैल पडून गाडी रांगायला लागते. शेवटी प्रश्न सोडवला तो अण्णांनी. अण्णा म्हणजे शेठचे वडील, बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले. नोटांच्या बंडलांना लावायच्या जाड रबरांचा एक डबा त्यांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवला होता, कशासाठी ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यातलं एक त्यांनी काढून दिलं. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या लाखांना लावलं, एकदा घरच्या लाखांना लागू दे."

तर रात्री साडेदहाला जेवणं आटोपली, कंट्रोलर वायरला जोडला, ट्रिगरला रबर चढवलं की शेठ टीव्ही बंद करतात. टीव्ही कशाला जाळायचा? एकटा एक्सबॉक्सच रात्रभरात युनिट-दीड युनिट वीज खातो, आणि महिन्याला ३०० युनिटांच्या वर गेलं की दर पुढच्या टप्प्यात जातो, हे अण्णांनी बिलावर पेन्सिलीनं खूण करून दाखवलेलं आहे. तेव्हा अंधाऱ्या हॉलमध्ये, देवघराच्या शेजारी, कुणीही बघत नसताना, काही कोटींची गाडी मेक्सिकोला रात्रभर प्रदक्षिणा घालते. शेठ आतल्या खोलीत घोरत असतात. पहाटे काकू, म्हणजे शेठच्या आई, फुलं वाहायला उठल्या की एक्सबॉक्सच्या दिव्याकडं बघून विचारतात, "झालं का रे तुझं?" आतून उत्तर येतं, "अजून चार फेऱ्या आहेत. हात लावू नकोस."

मी एकदा विचारलं, "शेठ, मग तू खेळतोस कधी?"

"वेड लागलंय का? मी चालवली की भिंतीला घासते. फेरीचा टाइम बिघडतो."

मित्रमंडळात याच्यावर एक विनोद आहे. या खेळात तुमच्याविरुद्ध धावणाऱ्या संगणकी गाड्यांवर तुमच्याच मित्रांची नावं असतात आणि त्या मित्रांच्या चालवण्याच्या सवयी उचलतात, असं बनवणाऱ्यांचं म्हणणं. त्यांना ड्रायव्हाटार म्हणतात. आमच्या खेळात शेठचा ड्रायव्हाटार येतो तेव्हा तो कुणाला धडकत नाही, कुणाला कट मारत नाही, मान खाली घालून आपल्या लेनमधून जातो. रबराचा स्वभाव तेवढा त्यानं अचूक उचललाय.

पण नुसत्या फेऱ्यांवर भागेल तो शेठ कसला. सुरुवातीच्या दिवसांत विलिस जीपचं प्रकरण गाजलं होतं. दुसऱ्या महायुद्धातली ती लष्करी जीप खेळात स्वस्तात मिळायची. ती घ्यायची, तिच्यावर थोडे स्किल पॉइंट खर्च करायचे, की एक सुपर व्हीलस्पिन मिळायचं. हे सोडतीचं चक्र. फिरवलं की तीन बक्षिसं. मग पुन्हा नवी जीप, पुन्हा चक्र. स्किल पॉइंट कमवायला निवडुंग आडवे करायचे, कुंपणं तोडायची, गाडी आडवी सरकवत न्यायची. आयुष्यात कधी सिग्नल न तोडलेल्या माणसानं त्या दिवसांत मेक्सिकोत एक निवडुंग उभा ठेवला नाही. पुढं खेळ बनवणाऱ्यांनी ती फट बुजवली. शेठचं गॅरेज उघडलं की जीप, जीप, जीप. लिलावाला लावल्या तरी कुणी हात लावीना. त्या आठवड्यात शेठ बसमध्ये कुणाशी बोलले नाहीत. "पॅच आला," एवढंच म्हणाले. ट्रेनीला वाटलं, घरी काहीतरी वाईट झालं.

चक्रातून काय निघेल याचा नेम नसतो. फेरारी निघते, क्रेडिट निघतात, आणि बरेचदा मोजे निघतात. खेळातल्या बाहुल्याला घालायचे मोजे, टोप्या, नाचाचे प्रकार, गाडीचे भोंगे. शेठना पन्नासाव्यांदा मोजे निघाले तेव्हाचा त्यांचा चेहरा मी पाहिला आहे. तेव्हापासून त्यांचा सोडतीवरचा विश्वास उडाला आणि ते लिलावघराकडं वळले. इथं खेळाडूच खेळाडूंना गाड्या विकतात. एखाद्यानं घाईत किंवा अडाणीपणानं कमी भाव लावला की क्षणार्धात उचलायची, आणि चार दिवसांनी चढ्या भावानं काढायची. एका गाडीला जास्तीत जास्त २ कोटी क्रेडिट मागता येतात. कंपनीच्या बसमध्ये शेठ मोबाइलवर जे पाहत असतात ते हेच भाव. दोन सीट मागं बसणारे स्टोअर्सचे साहेब बरेच दिवस समजत होते की पोरगं शेअरमध्ये आहे. त्यांनी शेठचा सल्ला घेऊन थोडे पैसे कुठंतरी गुंतवले असावेत, असा मला संशय आहे.

गुरुवारचं तर बोलायलाच नको. काकूंचा गुरुवारचा उपास, आणि शेठचाही गुरुवारच. खेळातला ऋतू दर गुरुवारी आपल्याकडच्या रात्री आठच्या सुमारास बदलतो. उन्हाळ्याचा पावसाळा होतो आणि आठवडाभरासाठी नवी आव्हानं, नव्या बक्षिसाच्या गाड्या येतात. त्यातली एखादी दुर्मीळ गाडी पुढं लिलावात सोन्याच्या भावानं जाते, म्हणून ती त्याच आठवड्यात पदरात पाडायची. काकूंची आरती आणि शेठचा ऋतुपालट एकाच वेळी येतो. एका हातानं टाळी वाजत नाही म्हणतात; शेठ एका हातानं आरतीला टाळी देतात आणि दुसऱ्या हातात कंट्रोलर असतो.

शेठ कंजूष आहेत असं मात्र कुणी म्हणू नये. त्यांचा दानधर्म आहे. खेळात दुसऱ्या खेळाडूला गाडी भेट पाठवायची सोय आहे, आणि दिवाळीला शेठ आम्हा सगळ्यांना एकेक पाठवतात. मला आली ती विलिस जीप. माझ्या भावाला आली तीही विलिस जीप. लग्नात आलेला स्टीलचा डबा नाव खोडून पुढच्या लग्नात द्यावा, तसा हा आहेर. गंमत म्हणजे दोन वर्षांनी मी ती जीप दुसऱ्याच कुणाला पाठवली, आणि कुठून कुठून फिरून ती शेठकडंच पोचली असणार, अशी मला खात्री आहे.

वर्षं गेली तशी खात्यावरची रक्कम वाढत गेली, आणि अण्णांचा सूर बदलत गेला. आधी ते याला पोरखेळ म्हणत. मग लिलावाचं ऐकून खुर्ची पुढं ओढून बसू लागले. एक दिवस शेठनी सहज सांगितलं की ब्वेनास विस्तास नावाचं घर २० लाखांना मिळतं. अण्णांनी चष्मा काढला. "आख्खं घर? चिंचवडला वीस लाखांत वन आरके येत नाही. घेऊन टाक. जमिनीत पैसा कधी बुडत नाही."

हे घर घेतलं की नकाशावरच्या कुठल्याही रस्त्यावर एका झटक्यात पोचता येतं. पण त्या प्रत्येक झटक्याला वेगळी फी. शेठच्या कपाळावर आठी. खोलात गेल्यावर कळलं की जागोजागी फलक उभे आहेत, ते गाडीनं फोडत गेलं की फी कमी होते, आणि ५० फोडले की प्रवास फुकट. झालं. आधी फलक, मग घर, असं ठरलं. आणि फलक फोडायला रबर चालत नाही.

एका शनिवारी मी त्यांच्याकडं गेलो, तर टीव्ही चालू. शेठ सोफ्याच्या कडेला, हातात कंट्रोलर, ट्रिगरवर स्वतःचं बोट. गाडी कुठली? चार एएमजी वनपैकी एकही नाही. खेळाच्या सुरुवातीला तीन गाड्यांतून एक निवडायला देतात, तेव्हा घेतलेली टोयोटा सुप्रा, जी त्यांनी इतकी वर्षं किलोमीटर वाढतील म्हणून बाहेर काढली नव्हती. खेळात गाडीचा भाव किलोमीटरनं उतरत नाही, हे त्यांना सांगूनही पटलेलं नव्हतं. समोर ज्वालामुखीवर पाऊस कोसळत होता, खाली खोऱ्यात ऊन पडलेलं. शेठनी उतारावरून गाडी सोडली, उडवली, फलक फोडला, पलीकडं निवडुंगात उलटले आणि मोठ्यानं हसले. इतक्या वर्षांत खेळताना त्यांना हसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "अरे, हे भारी आहे!" मला म्हणाले, जणू मीच लपवून ठेवलं होतं. पन्नास फलक झाले, घर घेतलं, प्रवास फुकट झाला. त्या रात्री साडेदहाला ट्रिगरवर पुन्हा रबर चढलं.

खेळात पैशांनाही मर्यादा आहे. ९९ कोटी ९९ लाख ९९ हजार ९९९ च्या पुढं आकडा जात नाही. शंभर कोटी होऊच देत नाहीत. शेठ तिथपर्यंत अजून पोचलेले नाहीत, पण ही गोष्ट कळल्यापासून अण्णांना झोप नाही. बँकेत इतकी वर्षं काढली, ठेवीदाराला इतकीच ठेव ठेव म्हणणारी बँक त्यांनी पाहिली नव्हती. "दुसरं खातं उघड," ते म्हणाले. "आईच्या नावानं."

आणि तेवढ्यात जपान आलं. २०२५ च्या सप्टेंबरात टोकियोच्या गेम शोमध्ये या मालिकेचा सहावा भाग जाहीर झाला, जपानमध्ये घडणारा. आम्ही सगळे फुजी, चेरीची झाडं, टोकियोचे रस्ते वगैरे बोलत होतो. शेठ गप्प होते. इथला पैसा तिथं जात नाही, हे त्यांना आमच्या आधीच ठाऊक होतं. मालिकेत दर वेळी शून्यापासून सुरुवात असते. ब्रिटनमधल्या चौथ्या भागातून मेक्सिकोत येताना क्रेडिट कुणालाच आणता आले नव्हते.

अण्णांना हे सांगायला शेठ तयार नव्हते. शेवटी मीच सांगितलं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं, पेपरची घडी केली.

"म्हणजे हे सगळे कोटी तिकडं मेक्सिकोतच राहणार?"

"हो, अण्णा."

"काढता येणार नाहीत?"

"नाही."

अण्णा थोडा वेळ विचारात पडले. मग आतल्या खोलीकडं तोंड करून त्यांनी हाक मारली, "अरे, तुझ्या त्या खात्याला नॉमिनी कोण लावलाय?"

आतून बराच वेळ उत्तर आलं नाही. मग शेठ कागद-पेन घेऊन बाहेर आले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझं पूर्ण नाव काय लिहू?"