दाजी, एक सुचवू का?

(रंगमंचावर एक खुर्ची. तिच्यावर कापडी पिशवी, पिशवीतून पासबुक डोकावतंय.)

मंडळी, माझा धंदा मंडपाचा. सांगली जिल्ह्यात माझ्या कमानीखालून गेला नाही असा नवरदेव शोधून दाखवा! कर्ज काढून नवं सामान घेतलं, आणि २०२० साली सरकार म्हणालं, लग्नाला माणसं पन्नास. अहो, आपल्याकडे पन्नास माणसं नुसती रुसायला येतात!

झालं. कोर्टात नादारीचा अर्ज. कायदा १९२०चा. देणी पाचशे रुपयांची असली आणि फेडता येत नसली, तर अर्ज करता येतो. पाचशे! (प्रेक्षकांकडे बघत) इथले निम्मे लोक तर मध्यंतरातच अर्ज करतील.

पण कायदा दयाळू. अंगावरचे कपडे, अंथरूण, स्वयंपाकाची भांडी, बायकोचं मंगळसूत्र जप्त होत नाही. मेव्हणाही जप्त होत नाही. मी वकिलांना विचारून घेतलं.

(मान तिरकी, आवाज नाकात) "दाजी, एक सुचवू का?"

हाच तो. विमा विकतो. ह्याचं लग्न माझ्याच मंडपात लागलं, बिल अजून यायचंय. माझ्या येण्यांच्या यादीत पहिलं नाव ह्याचं. कोर्टाचा रिसीव्हर वसुलीला ह्याच्या घरी गेला... आणि पॉलिसी घेऊन परत आला!

पुढे कोर्टानं मोकळं केलं. हा हजर. "दाजी, नवं खातं काढा. व्याज सात टक्के, चार्ज शून्य!"

गेलो एका बँकेत. टाय लावलेला पोरगा. "या सर, बसा सर. बचत खातं ना सर? मिनिमम बॅलन्स दहा हजार. कमी झाला तर चार्ज."

म्हणजे पैसे नाहीत म्हणून दंड. कुणाला? ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याला! पंगतीत ज्याला वाढलंच नाही, त्याच्याकडूनच वाढप्याची मजुरी!

मी खालच्या आवाजात म्हटलं, "मी नादार झालो होतो. सिबिल तीनशेच्या आसपास आहे." तीनशेच्या खाली सिबिलमध्ये सोय नाही, नाहीतर तिथंही जाऊन आलो असतो. पोरगा एकदम, "असं होय काका!"

बघा. सरचा काका झाला. खुर्ची तीच, मी तोच.

पण पोरगा खरं बोलला. "काका, सिबिल कर्जाला लागतं. तुम्ही तर पैसे ठेवायला आलाय."

हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं! घेताना अब्रू बघतात. देताना आधार, पॅन आणि फोटो.

"मग बिनचार्जाचं द्या." "तसं नसतं काका."

नसतं? रिझर्व्ह बँकेनं २०१२ सालीच सगळ्या बँकांना सांगितलंय, बेसिक सेव्हिंग्ज खातं द्या. शिल्लक शून्य असली तरी चालते. एटीएम कार्ड फुकट. महिन्यातून चार वेळा पैसे काढा, फुकट. मी नाव घेतलं, तसा त्यानं टाय सैल केला. "ते असतं... पण आम्ही सुचवत नाही."

(मान तिरकी) सुचवायला आमच्या घरात माणूस आहे!

"दाजी, पण ते सात टक्के?" देतात. काही स्मॉल फायनान्स बँका देतात, पण बहुतेक ठिकाणी मोठ्या शिलकेला. स्टेट बँक २०२५च्या जूनपासून अडीच टक्के देते. दहा हजारांवर वर्षाचे अडीचशे. सात टक्क्यांनी सातशे. फरक साडेचारशे. साडेचारशे रुपयांसाठी वर्षभर ह्याचं ऐकायचं?

(थांबून, साध्या आवाजात) २०१९च्या सप्टेंबरात पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले. सुरुवातीला खातेदाराला काढता येणार होते हजार रुपये. टीव्हीवर बघितलं, म्हातारी माणसं पासबुक छातीशी धरून रडत होती. मी कर्ज काढून बुडालो, मंडळी. ती माणसं साठवून बुडाली होती. पुढच्या फेब्रुवारीत ठेवींचा विमा लाखावरून पाच लाखांवर गेला. म्हणून टक्का बघायच्या आधी बँक बघा, आणि...

(मान तिरकी) "दाजी, एक सुचवू का? पाच लाखांच्या वरचे दुसऱ्या बँकेत टाका!"

(दोन्ही खिसे उलटे करून दाखवतो. बराच वेळ.)

आता तुम्हाला मी सुचवतो, फुकट. ज्या बँकेचं कर्ज थकलंय, तिथं बचत करू नका. पगार जमा झाला की ती आपल्या देण्यात वळवून घेऊ शकते. दुसरीकडे जा आणि "बेसिक सेव्हिंग्ज" मोठ्यानं म्हणा. "नसतं" म्हणाले, तर "लेखी द्या" म्हणा. लेखी मागितलं की काकाचा पुन्हा सर होतो, आणि आतून चहा येतो. प्या. त्याला चार्ज नाही.