शेवंता परत आली, गोष्ट आलीच नाही

‘रात्रीस खेळ चाले’ या कोकणातल्या भुतांच्या मालिकेचं तिसरं पर्व फसलं, हे आधीच सांगून टाकतो. वाड्याचे मालक अण्णा नाईक आणि त्यांची प्रेयसी शेवंता परत येणार म्हणून महाडपासून सावंतवाडीपर्यंत लोक डोळे लावून बसले होते. मीही त्यातलाच. हाती आलं काय, तर करकरणारं दार, पडदाभर धूर आणि जाता-येता शेवंताचं हसू.

2016च्या पहिल्या पर्वात नाईकांचा आकेरीचा वाडा अंगावर यायचा, कारण आत काय दडलंय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जानेवारी 2019ला आलेलं दुसरं पर्व काळात मागे गेलं आणि तिथे मालिकेने कमाल केली. शेवंता आधी बाई होती, भूत नंतर झाली. नवऱ्याच्या, पाटणकरांच्या, संसारातली तिची घुसमट, अण्णांच्या नजरेला घाबरणं आणि त्याच नजरेची वाट बघणं, अण्णांच्या बायकोचं, माईंचं, सगळं कळून गप्प राहणं, हे सगळं आम्ही रात्री जेवता जेवता बघत होतो. माधव अभ्यंकरांचा अण्णा नुसता उंबऱ्यात उभा राहिला, तरी हातातला घास हातातच राहायचा. अपूर्वा नेमळेकरांनी शेवंता लोभी केली, हट्टी केली आणि तरी तिची कीव यावी अशी केली. म्हणून ती गेली तेव्हा जिवाला लागलं.

मार्च 2021ला तिसरं पर्व सुरू झालं तेव्हा दोघंही मेलेले. आता यांच्यात उरलं काय, हाच खरा प्रश्न होता. ज्याने तिच्या आयुष्याची माती केली त्याच्याच वाड्यात ती का राहते? सूड म्हणून, ओढ म्हणून, की जायला दुसरं घर नाही म्हणून? या प्रश्नाला लेखकांनी नीट हातच घातला नाही. या जोडीला लोकांना घाबरवण्याच्या कामाला जुंपलं आणि भाग वाढवत नेले. पुढे शेवंताच बदलली, कृतिका तुळसकर आल्या. त्यांना बोल लावू नये. कागदावर नसलेलं नटीने कुठून आणायचं?

मधे करोनाच्या टाळेबंदीत मालिका थांबली आणि 16 ऑगस्टला परत आली. त्याआधी, 22 जुलैला, त्याच कोकणात, महाड तालुक्यातल्या तळीयेच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला होता. ऐंशीहून अधिक माणसं गेली. रस्ते पाण्याखाली, त्यात दरडी. मदत पोचायला दुसरा दिवस उजाडला. शोध थांबवला तेव्हा तीसेक जण मातीखालीच होते, त्यांना मृत धरलं गेलं. पोलादपुरात साखर सुतारवाडी आणि केवनाळेही दरडीखाली आलं. महाडच्या बाजारपेठेत चिखलाने भरलेले टीव्ही रस्त्याकडेला टाकलेले होते. तळीयेत वाचलेल्यांनी पुढचे पावसाळे कंटेनरच्या घरांत काढले.

मालिकेने दरड दाखवायला हवी होती, असं मी म्हणत नाही. ते ओंगळ झालं असतं. पण त्या ऑगस्टमध्ये कोकणातल्या मेलेल्या माणसांची गोष्ट सांगायला बसलेल्याला एवढं तरी उमगायला हवं होतं, की गेलेलं माणूस एकदा तरी दिसावं म्हणून मागे राहिलेले तळमळत असतात. आपल्याकडच्या जुन्या भुतांच्या गोष्टींना हे ठाऊक आहे. बाळंतपणात गेलेली बाई पोरापाशी घुटमळते. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला पोरगा पिंपळावर राहतो. त्या प्रत्येक भुतामागे अर्धवट राहिलेलं आयुष्य असतं आणि ते ओळखणारं कुणीतरी जिवंत असतं.

नाईकांच्या वाड्यात ते ओळखणारं माणूस म्हणजे माई. नवरा जिवंतपणी दुसरीच्या दारात, मेल्यावरही दुसरीसोबत, आणि दोघांच्या मधे त्याच वाड्यात ही म्हातारी. शकुंतला नरेंसारखी अभिनेत्री हाताशी असताना तिला घाबरणाऱ्यांच्या घोळक्यात उभं केलं, याचा मला सगळ्यात राग आहे. कोकणातल्या किती बायकांनी तिच्यात आपली आई, आपली सासू ओळखली असेल!

चौथं पर्व काढायचं असेल तर माईंना एक अख्खी रात्र द्या. अण्णांना समोर बसवा आणि जन्मभर जे तिला विचारता आलं नाही ते विचारू द्या. धुराचं यंत्र तेवढं त्या रात्री बंद ठेवा.