एक्सचे एफ

मराठी शाळेने मला एक मंत्र दिला होता : कंचेभागुबेव. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. यातला ‘चे’ म्हणजे गुणाकार. बाराचे दोन तृतीयांश, आठ. त्यामुळे अकरावीत सरांनी फळ्यावर ‘एफ ऑफ एक्स’ लिहिलं, तेव्हा मी मनातल्या मनात ‘एक्सचे एफ’ म्हटलं आणि शांतपणे गुणाकार केला. पुढे डीवाय बाय डीएक्स आलं. वर डी, खाली डी, काटले. सरांनी वहीत लाल शाईने लिहिलं, ‘छान. आता वाय आणि एक्सही काटा.’

यंदा भाची अकरावीत गेली. ताईच्या मते मी ‘सायन्सवाला’, म्हणून वही माझ्याकडे आली. तीन अधिक एच यांचं एफ काढायचं होतं. तिने तीनचं एफ वेगळं, एचचं वेगळं काढून बेरीज मारली होती. “कंस सोडवला ना, मामा!” घराणं कळतं ते असं.

म्हटलं, रिक्षाचं मीटर आठव. एफ म्हणजे मीटर. कंसात अंतर टाकायचं, बाहेर भाडं येतं. मीटरला किलोमीटरने कोणी गुणतं का? आणि पहिल्या दीड किलोमीटरला किमान भाडं असतं. पाच किलोमीटर सलग गेलीस तर एक भाडं. तीनवर उतरून उरलेल्या दोनसाठी दुसरी रिक्षा केलीस तर?

“किमान भाडं दोनदा!” खिशाशी गाठ पडली की गणित कळतं.

मग वर्गाचं फल, म्हणजे फंक्शन, घेतलं. तीन अधिक एचचा वर्ग : नऊ, अधिक सहा एच, अधिक एचचा वर्ग. त्यातून तीनचा वर्ग, नऊ, वजा. बाकीला एचने भागलं. उरलं सहा अधिक एच. आता एच शून्याकडे नेला, की विकलज, म्हणजे डीवाय बाय डीएक्स, सहा.

“थांब. भागताना एच शून्य नव्हता. आता एकदम शून्य कसा?”

हाच आक्षेप १७३४ साली बिशप बर्कलीने घेतला होता. न्यूटनच्या पंथातल्या या विरून जाणाऱ्या राशींना त्याने चक्क भुतं ठरवलं. (त्याच सुमारास ऑयलर एफ आणि कंस कागदावर उतरवत होता.) बर्कलीला उत्तर द्यायला कोशीचं १८२१चं पुस्तक यावं लागलं, तेव्हा मी अडखळलो यात नवल नाही. शेवटी आकडे मांडले. एच ०.१ असेल तर ६.१, ०.०१ असेल तर ६.०१. एचला शून्य व्हायचंच नाहीये. उत्तर कोणाच्या दारात जाऊन बसतंय तेवढं बघायचं.

विकलजासाठी लाग्रांजने एफच्या खांद्यावर एक बारीक रेघ दिली. काटकसरी माणूस. झेरॉक्समध्ये ती रेघ हमखास गायब होते. मला लायब्निझचं डीवाय बाय डीएक्सच आवडतं, पण एक तक्रार आहे. चेन रूलमध्ये डीवाय बाय डीयू गुणिले डीयू बाय डीएक्स मांडलं, की मधले डीयू काटल्यासारखे निघून जातात आणि उत्तरही बरोबर येतं. माझ्या काटाकाटीला लाल शाई, लायब्निझच्या काटाकाटीला नियम.

“मग मीटरचं विकलज?” भाची आता रंगात आली होती. पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत शून्य, भाडं हलतच नाही. पुढे दर किलोमीटरचा दर. बरोबर दीडवर आलेखाला कोपरा, तिथे विकलजच नाही. हे माझं मलाच इतकं आवडलं की मी चहा मागवला.

“पण सिग्नलला रिक्षा उभी असते, अंतर तेवढंच राहतं. तरी मीटर पडतंच की. मग एकाच अंतराला दोन भाडी?”

मी चष्मा पुसला आणि सरांचं ठेवणीतलं वाक्य काढलं, “ते तुम्हाला पुढच्या वर्षी आहे.”