हार्ड माउंट यांस अनावृत पत्र

श्री. रा. रा. हार्ड माउंटराव यांसी,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आपला एनएफएस सर्व्हर गेला. केबल निघाली की स्विच बसला, ते नेटवर्कवाले शोधताहेत. आपण मात्र जागचे हललेले नाही. ६० सेकंद थांबायचे, पुन्हा विचारायचे, मग आणखी थांबायचे; आणि लॉगमध्ये एकच ओळ, 'नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग'. विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे म्हणतात. आपला डोळा त्याच विटेवर दिसतो.

निष्ठेबद्दल वाद नाही. तक्रार एवढीच की, आपण एकटे थांबत नाही. डिस्कवर जागा किती उरली ते पाहायला कुणी 'डीएफ' मारले, की तेही आपल्या दारात बसून राहते. कोण अडकलेय ते बघायला 'एलसॉफ' धाडावा, तर तोही तिथेच मुक्कामाला. प्रोसेसच्या यादीत 'डी' अक्षरांची रांग लागते. वाट पाहणाऱ्यांनाही लिनक्स लोडमध्ये मोजत असल्याने सीपीयू रिकामा असूनही लोड ॲव्हरेज चढत जाते. तो आकडा पाहून साहेब नव्या मशीनचा प्रस्ताव मागवतात.

आपल्याला निरोप द्यावा, तर उत्तर येते 'टार्गेट इज बिझी'. २००८ च्या २.६.२५ कर्नलपासून आपल्यापाशी अडकलेली प्रोसेस किल मायनस नाइनला बहुधा मान देते, हे मान्य. नाहीच ऐकले, तर 'यूमाउंट मायनस एफ' तुंबलेल्या मागण्या रद्द करते. तेही फसले की 'मायनस एल'. आपले नाव डिरेक्टरीच्या झाडावरून उतरते, 'डीएफ' पळू लागते, तिकीट 'रिझॉल्व्ह्ड' होते. अडकलेल्या प्रोसेस मात्र तशाच, आणि शेवटची फाइल बंद होईपर्यंत कर्नलच्या पोटात आपणही तसेच.

आपल्या जागी धाकटे बंधू सॉफ्ट यांना नेमावे, असा ठराव आला होता. ते थोडे प्रयत्न करून 'इनपुट-आउटपुट एरर' देतात आणि मोकळे होतात. पण आमचे प्रोग्राम लिहिणारे ती एरर तपासतील तर शपथ! फाइल अर्धवट, आणि स्क्रीनवर 'सक्सेस'. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने ही व्यवस्था बांधताना सर्व्हरला मागचे काही लक्षात ठेवायला लावले नाही, ते आपल्याच चिकाटीच्या भरवशावर. सर्व्हर पडून उठला, की आपण तीच मागणी पुन्हा करायची; प्रोग्रामला पत्ताही लागत नाही.

तेव्हा बदली रद्द. पगाराच्या फायली आपल्याकडेच राहतील. नुसत्या वाचायच्या मॅन्युअलांवर सॉफ्टराव बसतील. आपण मात्र बूटपासून ठिय्या देऊ नये. ऑटोमाउंटने बोलावले की यावे, काम संपले की उठावे. म्हणजे सर्व्हर पडेल तेव्हा आपण बसलेलेच नसाल, अशी निदान आशा धरता येईल.

आपला नम्र,
रात्रपाळीचा सिस्टिम ॲडमिन

ता. क. काढायला येईन तेव्हा सिमलिंक न वापरता पूर्ण पाथ देईन. नाहीतर आपला पत्ता विचारतानाच यूमाउंटही अडकायचे.